दुसऱ्या बाजूची धार

६ जून, गुरुवार

रात्री नऊला वेंगुर्ल्याहून मैत्रिणीचा फोन. तळकोकणात पाऊस पोचला, त्यामुळे तिचा आवाजच वेगळा लागत होता. रायवळ आंब्याच्या कोयी गोळा करून झाल्या आहेत. त्या गादीवाफ्यावर लावायच्या, पंधरा-वीस दिवसांत रुजून वर आल्या की कोय कलमांचा हंगाम सुरू. गेल्या वर्षी साडेतीन हजार कलमं बांधली, यंदा पाच हजारांवर जायचं म्हणते.

बोलता बोलता सहज म्हणाली, की कलम करायला ती अजून दाढीचं ब्लेडच वापरते. अर्धं मोडायचं, एका कडेला चिकटपट्टी गुंडाळायची. दिवसाला पाच-सहा ब्लेडं जातात आणि बोटंही कापतात. मी विचारलं, "अगं, चाकू नाही का?" तर म्हणाली, "आहे गो. चांगला कलमाचाच आणलेला. पण माझ्या हातात तो सरळ जातच नाही. ओढला की काडीतून बाहेर पळतो. माझाच हात वाईट."

२० जुलैला तिला साठ पूर्ण होतात. बँकेत बावीस वर्षं आम्ही शेजारच्या खिडक्यांवर बसलो. तिने सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून वडिलांच्या जमिनीवर रोपवाटिका काढली, मी निवृत्तीपर्यंत राहिले. साठीला काय द्यावं, हे महिनाभर मनात घोळत होतं. आज ठरलं. चाकू. खिशात घडी करून राहील असा, आणि तिच्या हातात सरळ जाईल असा.

७ जून, शुक्रवार

सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "धारेची वस्तू भेट देतात का कुणी? माणसं तुटतात."

त्यांच्या मनात हे पक्कं आहे. मिरची हातावर द्यायची नाही, मीठ द्यायचं नाही, रिकामी कात्री चालवायची नाही. पण त्यांनीच माझ्या बाळंतपणात उशाखाली चाकू ठेवला होता, तोही मला आठवतो. खंडेनवमीला विळी, कोयता, अडकित्ता पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात त्याही त्याच. नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार देतात. धारेबद्दल आपल्याकडे नुसती भीती कधीच नव्हती. राखणही तिच्याकडेच दिलेली आहे.

भीती सगळीकडची आहे म्हणा. फ्रान्समध्ये, इंग्लंडात चाकू भेट मिळाला की घेणारा एक नाणं परत देतो, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना पटलं नाही. मैत्रिणीकडून पैसे घ्यायचे, ही त्यांना आणखी वाईट गोष्ट वाटली. थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "हातात देऊ नकोस. खाली ठेव. तिला उचलू दे. आणि आधी कुंकू लाव."

तसंच करीन.

९ जून, रविवार

दुपारी माळ्यावरची पेटी काढली. आजोबांचा चाकू त्यात असेल अशी आशा होती. नाही सापडला. बोटभर लांबीचा, शिंगाच्या मुठीचा, घडीचा चाकू होता तो. त्याने ते बोरू तासायचे. मी सहा-सात वर्षांची असेन. बोरूचं टोक तिरपं कापायचं, मग मधोमध बारीक चीर द्यायची, म्हणजे शाई उतरते. एकाच ओढीत कापलं तर अक्षर वळणदार येतं, दोनदा चाकू फिरवला की अक्षर फाटतं, असं म्हणायचे.

पेटीपाशी बसल्या बसल्या लक्षात आलं, की ही दोन्ही कामं एकच आहेत. बोरूलाही कलम म्हणतात आणि झाडाच्या कलमालाही कलम. अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. वेताची किंवा बोरूची लेखणी म्हणजे कलम, आणि ती तासायच्या चाकूला फारसीत कलमतराश म्हणतात. आपला चाकू हा शब्दही तिकडूनच आलेला. फांदी तिरपी कापून दुसऱ्या झाडात बसवायची, तिलाही हेच नाव पडलं. कायद्याच्या पोटभागालाही आपण कलम म्हणतो. सगळ्यांच्या मुळाशी तीच तिरपी कापणी.

ती बावीस वर्षं पेन धरून होती आणि आता चाकू धरते. तिला हे सांगायचं आहे. फोनवर नाही, तिथे गेल्यावर.

१५ जून, शनिवार

सकाळपासून रविवार पेठेत. बोहरी आळीत पावसाचं पाणी आणि हातगाड्या यांतून वाट काढत चार दुकानं केली. एवढ्या प्रकारचे चाकू असतात हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन सगळं लिहून ठेवते आहे.

पहिल्या दुकानात लाल मुठीचा, क्रॉस असलेला स्विस चाकू दाखवला. इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ साली स्वित्झर्लंडच्या सैनिकांसाठी चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली, ती ही परंपरा. आईच्या व्हिक्टोरिया या नावावरून कंपनीचं नाव पडलं, पुढे न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' त्याला जोडलं गेलं. वस्तू सुंदर आहे. कात्री, डबे उघडायचं, स्क्रू पिळायचं, दात कोरायचं, सगळं एका मुठीत. पण वाफ्यावर उकिडवं बसून दिवसाला दीडशे काड्या कापणाऱ्या बाईला एकच पातं लागतं. बाकीची पाती तिच्या तळव्यात रुतणार.

दुसऱ्या दुकानातल्या मुलाने आतून पितळी मुठीचा लांब खटक्याचा चाकू आणला. रामपुरी म्हणाला. बटण दाबलं तसं पातं खाड्कन बाहेर आलं आणि मी मागे सरकले. रामपूरच्या कारागिरांची ही कला नवाबी काळातली, सिनेमाने तिला गुंडांच्या हातात दिलं. उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आल्यावर तिथला धंदा बसत गेला. कारागिरीबद्दल मला वाईट वाटतं, पण हा चाकू नको. आपल्याकडच्या शस्त्र नियमांतही ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख शस्त्र म्हणून आहे. घरकामाची नि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. कलमाचं पातं जेमतेम अडीच इंचांचं असतं, तिथे हा प्रश्नच येत नाही.

मनात सर्वांत जास्त घर केलं ते ओपिनेलने. फ्रान्समधल्या साव्हवा प्रांतातला, जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास घडवलेला शेतकऱ्यांचा चाकू. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, आणि मानेपाशी फिरणारं धातूचं कडं. कडं फिरवलं की पातं बोटावर मिटत नाही. ते कडं १९५५ साली आलं. इतकी साधी वस्तू, की हातात घेतल्यावर खाली ठेवावीशी वाटेना. पण बीचची मूठ ओली झाली की फुगते आणि पातं आत अडकून बसतं. जुलैतल्या वेंगुर्ल्यात काय कोरडं राहणार! पुण्याच्या उन्हाळ्यात मीच एक घेईन कधीतरी.

चौथ्या दुकानात खास कलमाचे चाकू होते. दुकानदार वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी पातं उघडून दिव्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बाई, हे बघा. एक बाजू पाटासारखी सपाट. उतार फक्त दुसऱ्या बाजूला. सपाट बाजू काडीला चिकटून चालते, म्हणून काप वाकडा होत नाही." पाठीवर पोलादी कमान आहे. ती पात्याला उघडल्यावरही दाबून धरते आणि मिटल्यावरही. पात्यावर नखासाठी खाच आहे. मूठ गडद लाकडाची, तेल पाजलेली.

घेतला. घरी येईपर्यंत दोनदा पिशवीत हात घालून तो आहे ना ते पाहिलं.

१६ जून, रविवार

देण्याआधी आपण वापरून पाहावा, म्हणून बाल्कनीतल्या जास्वंदीच्या काड्या कापून बसले. पहिल्या आठ-दहा वाया गेल्या. चाकू दाबायचा नाही, ओढायचा. मूठभर काड्या झाल्यावर एक काप असा पडला, की ओल्या काचेसारखा चमकला.

ती जे शिकवते ते आता कळतं. सालीच्या आत, लाकडाच्या बाहेर एक हिरवा, ओला, कागदाहून पातळ थर असतो. झाड वाढतं ते तिथून. काडीचा हा थर आणि खुंटाचा हा थर एकमेकांना टेकले तरच दोघं जुळतात. काप लहरी पडला, चाकू मध्ये थांबला, दुसऱ्यांदा फिरवावा लागला, की मध्ये हवा राहते. हवेत थर वाळतो. वरून पट्टी कितीही घट्ट बांधा. बोथट पात्याने तर पेशी कापल्याच जात नाहीत, चेंगरतात.

तिचं वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात प्रशिक्षण झालं तेव्हा पहिले तीन दिवस नुसत्या काड्या तासायला लावल्या होत्या, असं तिने सांगितलं होतं. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं.

२१ जून, शुक्रवार. वटपौर्णिमा

खालच्या चौकात वडाच्या फांद्या तोडून विकायला आणल्या होत्या. कोयत्याने ओरबाडलेल्या. आधी कधी नजर गेली नसती, आज गेली.

संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. पडवीत बसून फणस फोडत होती. हाताला खोबरेल चोपडलेलं, मांडीपुढे पोतं. गरे काढता काढता बोलत होती, आणि मी तिच्या हाताकडे पाहत होते. गेला आठवडाभर मला हातच दिसत आहेत. तिची सुरी डाव्या हातात होती.

मला वाटलं, फोनमध्ये आरशासारखं उलटं दिसत असणार. पण तिच्या मागे भिंतीवर कालनिर्णय होतं आणि त्यावरची अक्षरं सुलटी होती.

"तू डाव्या हाताने कापतेस?"

"मगे? सगळा डाव्यानंच करतंय. फक्त लिवतंय आणि जेवतंय उजव्यान." मग जरा थांबून म्हणाली, "बावीस वर्सां बाजूक बसलंस, तुका दिसला नाय?"

रागावली नव्हती. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. शाळेत पहिलीत बाईंनी डाव्या हातावर पट्टी मारून मारून लिहिणं उजवीकडे आणलं. आईने जेवणाचा हात बदलला. बाकीचं कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून राहिलं.

फोन ठेवला आणि एकेक आठवत गेलं. तिच्या टेबलावर शाईचा पॅड नेहमी डावीकडे असायचा. नोटा मोजताना बोट ओलं करायचा स्पंजही डावीकडे. सकाळी माझ्या जागेवर जाताना मी ते दोन्ही उचलून उजवीकडे नीट ठेवायचे. मला वाटायचं, झाडणाऱ्या बाईने सरकवले असतील. तिचा चहाचा कप आला की कान उजवीकडे करून तिच्यापुढे ठेवायचे. किती वर्षं! ती काही बोलायची नाही. मी गेल्यावर पुन्हा फिरवून घेत असणार.

आणि चाकू. सपाट बाजू एकीकडे, उतार दुसरीकडे. उजव्या हाताच्या माणसाने ओढला तर सपाट बाजू काडीला लागते. डाव्या हातात तोच धरला तर उताराची बाजू आत येते, आणि पातं उतारावरून घसरून बाहेर जातं. 'ओढला की काडीतून बाहेर पळतो.' तिने सहा जूनलाच सांगितलं होतं. वर लिहून ठेवलेलं आहे.

मी आणलेला चाकूही तसाच पळणार.

२३ जून, रविवार

चौथ्या दुकानाचे मालक म्हणाले, "डावखुऱ्यांचा वेगळा येतो हे खरं, पण चाळीस वर्षांत माझ्याकडे कुणी मागितला नाही." मागितला नाही, कारण तिच्यासारख्या सगळ्यांनी आपलाच हात वाईट असं धरून चालवलं असेल.

परतताना सायकलवर चाक लावलेला धारवाला भेटला. शिकलगार, वडील नि आजोबाही हेच करत होते म्हणाला. सायकल घोडीवर चढवलेली, पायाने चाक फिरवतो. त्याला चाकू दाखवून विचारलं, उतार या बाजूचा त्या बाजूला करून देतोस का? त्याने पातं अंगठ्यावर आडवं फिरवून पाहिलं, मग डोळ्याजवळ धरून पाठीच्या रेषेतून पाहिलं. असं पाहणारा माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"नाही होणार, ताई. ही सपाटी कंपनीत काढलेली आहे. मी इकडून चाक लावलं की सपाटी गेली. तिकडचा उतार तर आहेच. मग दोन्हीकडून उतार होईल. भाजीची सुरी होईल." पैसे न घेता चाकू परत दिला. मग म्हणाला, "त्यांना दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेला घ्या ना. कुठल्याही हाताला चालतो."

सल्ला चांगला होता. दोन्हीकडून धारेचा चाकू दोन्ही हातांना चालतो. काप तितका सपाट येत नाही, पण सवयीने जमतं. सवयीने जमवणं तर ती जन्मभर करत आली आहे. बँकेतली कात्री, स्टेपलर, साखळीने बांधलेलं पेन, सगळं तिने सवयीने जमवून घेतलं. साठाव्या वर्षी तिला अशी एक वस्तू मिळावी, जी घडवतानाच तिचा हात गृहीत धरला होता.

रात्री भाच्याला फोन केला. तो स्टुटगार्टला नोकरी करतो आणि जुलैत घरी येणार आहे. त्याच्या दक्षिणेला रॉयटलिंगेन नावाचं गाव आहे. तिथे टीना नावाचे बागकामाचे चाकू १८५४ पासून बनतात, आणि डाव्या हातासाठी वेगळे मिळतात, एवढं मी शोधून ठेवलं होतं. "मावशी, चाकू? विमानातून?" असं म्हणाला. हातातल्या बॅगेत नाही रे बाबा, सामानाच्या बॅगेत, पुठ्ठ्यात गुंडाळून, असं तीनदा सांगितलं.

३० जून, रविवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, मी पायीच निघाले. एका पुलाखाली एक आजीबाई काकडी चिरून सोबतच्या बायकांना देत होत्या. छोटा घडीचा चाकू, पात्यावर काळे डाग, आणि मुठीला लाल सुताची दोरी. दोरीचं दुसरं टोक कमरेच्या चंचीला. मी बघत राहिले म्हणून त्यांनी फोड दिली. दोरी कशाला, असं विचारलं. "लेकी, चिखलात पडला म्हंजी घावतोय व्हय?"

तिच्या रोपवाटिकेत पालापाचोळा घोटाभर असतो. चष्मा, किल्ली, फोन, सगळं ती दिवसातून दोनदा हरवते. येताना लाल सुती दोरी घेतली, पाऊण वार.

५ जुलै, शुक्रवार

भाच्याचा निरोप : 'मिळाला. डाव्या हाताचा. दुकानातल्या बाईंनी दोनदा विचारून खात्री केली.' किंमत मात्र सांगत नाही.

१३ जुलै, शनिवार

आला. अक्रोडाची मूठ, किंचित वळलेली, पितळेच्या खिळ्यांची. पातं सरळ, कार्बन पोलादाचं. हे पोलाद गंजतं. कोकणच्या पावसात एका रात्रीत त्यावर तांबडं येईल, आणि आंब्याच्या चिकाने ते काळं पडेल. तरी मला हेच हवं होतं. याला धार चांगली चढते, आणि घरच्या दगडावर पुन्हा लावता येते. पुसायला मलमलीचा तुकडा आणि लावायला खोबरेल, दोन्ही तिच्या घरात आहेतच.

दोन्ही चाकू शेजारी ठेवले. मिटलेले असताना फरक कळत नाही. उघडल्यावर एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. नखाची खाचसुद्धा उलट बाजूला.

मग जास्वंदीची काडी घेतली आणि नवा चाकू माझ्या उजव्या हाताने ओढला. पातं काडीत शिरलं आणि लगेच बाहेर पळालं. पुन्हा. पुन्हा. हात घट्ट केला तर जास्तच पळाला. तिसऱ्या वेळी अंगठ्याच्या अगदी जवळून गेला. महिनाभरात माझा हात बरा बसला होता, आणि आज मला एक सरळ काप देता येईना. तिला आजवर असं वाटत आलं. मला नुसता दहा मिनिटांचा अनुभव आला आणि चिडून रडू फुटायच्या बेतात आले.

हा चाकू माझ्या हातात चालत नाही. फार बरं वाटलं.

सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं. दोरी मी ओवली.

२० जुलै, शनिवार. वेंगुर्ले

रात्रीची एस.टी., पहाटे आंबोलीत धुकं इतकं, की चालकाने गाडी माणसाच्या चालीने उतरवली. घाटात दोन्हीकडून पाणी कोसळत होतं. वेंगुर्ल्याला उतरले तेव्हा ती स्टँडवर छत्री घेऊन उभी होती. डाव्या हातात.

जेवण, ओवाळणं, शेजारणी, सगळं झाल्यावर दुपारी पडवीत मी पुडी तिच्यापुढे जमिनीवर ठेवली. "हातात देत नाही. आईंनी सांगितलंय."

तिने उचलली. कागद काढला. पातं उघडताना अंगठा आपोआप खाचेवर गेला आणि ती थांबली. खाच तिच्याकडे होती. तिने पातं उजेडात धरलं, एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. उठून आत गेली आणि फळीवरून जुना चाकू घेऊन आली, गंजलेला. दोन्ही शेजारी धरले. बराच वेळ.

"म्हणजे माझा हात वाईट नव्हता," एवढंच म्हणाली. मालवणीत नाही, बँकेत बोलायची तशा मराठीत.

मग शाईच्या पॅडचं मी तिला सांगितलं. कपाच्या कानाचंही. तिने मान हलवली. "मला ठाऊक होतं तूच करायचीस. चांगल्या मनानं करत होतीस." यावर मला काही बोलता आलं नाही. बोरू आणि कलम यांची गोष्ट जी मोठ्या हौसेने सांगायची होती, ती राहून गेली.

पाऊस जरा थांबल्यावर मांडवात गेलो. रोपं पंधरा दिवसांची, पानं अजून तांबूस, देठ हिरवा नि लुसलुशीत, खाली कोय चिकटलेली. तिने एक रोप उपटून घेतलं. कोयीच्या वर तीन इंचांवर शेंडा उडवला, मधोमध दीड इंचाची चीर दिली. मग हापूसची काडी घेतली. आठ-दहा दिवसांपूर्वी पानं छाटून ठेवलेली, डोळा फुगलेला. तिने श्वास घेतला आणि चाकू ओढला.

एकच ओढ. काप चमकला.

काडी फिरवून दुसरा. पाचर तयार झाली. ती चिरेत बसली तेव्हा दोन्हींच्या साली एका रेषेत आल्या, बोट फिरवलं तर सांधा लागेना. तिने माझ्याकडे प्लॅस्टिकची पट्टी दिली. "बांध. खालून वर. पाणी आत जाता नये."

चाळीस कलमं केली. ती कापत होती, मी बांधत होते. मध्येच चाकू हातातून सुटून पाल्यात पडला आणि तिने न बघता दोरी ओढून वर घेतला. शेवटी तीन मी माझ्या चाकूने केली, तिने त्या पिशव्यांवर खडूने वेगळी खूण केली. मग उजव्या हाताने पट्टीवर तारीख लिहिली : २० जुलै, हापूस, कोय कलम, ४०. ते अक्षर बँकेच्या वह्यांमधलंच.

१२ ऑगस्ट, सोमवार. पुणे

तिचा फोटो आला. मांडवातल्या पिशव्यांवर तांबूस कोंब. चाळिसांतले एकतीस फुटले आहेत. माझ्या तिनांतलं एक.

रात्री फोनही आला. रोज दोनशे कलमं होतात. एकाही बोटाला पट्टी नाही. चाकू काळा पडला आहे, पण गंज येऊ दिलेला नाही. झोपताना पुसून, खोबरेल लावून, तांदळाच्या डब्यात ठेवते. फक्त धार आता उतरायला लागली आहे. गावातल्या माणसाकडे द्यायला तिला भीती वाटते, तो सवयीने दोन्हीकडून घासेल. स्वतःच लावणार म्हणते. उताराची बाजू दगडावर टेकवून घासायची, सपाट बाजू नुसती एकदा आडवी फिरवायची, हे तिला कळलं आहे. दगड मात्र खरखरीत हवा की गुळगुळीत, पाण्यावरचा की तेलावरचा, हे विचारत होती.

मलाही माहीत नाही. उद्या त्या शिकलगाराला गाठायचं. मंगळवारी तो आमच्या गल्लीत येतो, अकराच्या सुमारास.